एकशेवीस ऐंशी

"काढ तो कोट."

मॅडम एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नाही. वॉर्डच्या दारात उभ्या राहून त्या माझ्याकडे नाही, माझ्या अंगावरच्या पांढऱ्या कोटाकडे बघत होत्या.

वॉर्डात बारा खाटा. नऊ भरलेल्या. प्रत्येक खाटेशेजारी सासू, आई, नणंद, कोणीतरी. सगळ्यांनी माना वळवल्या. मी बटणं सोडायला लागले. पाच बटणं होती. तिसरं अडकलं.  कोट निघाला तसा आतला मरून गाउन दिसला. आमच्या नर्सिंग होममध्ये मावश्या घालतात तो गाउन.

कोट मी मागून घेतला नव्हता. त्या दिवशी दोन सिस्टर रजेवर होत्या. डॉक्टरांना राउंडला कागद धरायला माणूस हवा होता. तेच म्हणाले, खुंटीवरचा कोट घाल आणि माझ्यामागे फिर, गाउनवर बरं दिसत नाही. मी घातला. अर्धा तास.

तिसऱ्या खाटेवर बदलापूरची एक सून बाळंत झाली होती. सासू शेजारी बसून होती. डॉक्टर खाली ओपीडीत गेले तशी ती गोड बोलायला लागली.

"सिस्टर, राहायला कुठं तुम्ही?"

"अंबरनाथला."

"अंबरनाथला कुठं?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"आडनाव काय तुमचं?"

मी आडनाव सांगितलं. बाईने बाहेर पॅसेजमध्ये बघितलं. तिथे माझी आई लादी पुसत होती. आमचे चेहरे सारखे आहेत.

"ती मावशी कोण तुमची?"

"आई."

बाई उठली. पाळण्यातलं बाळ उचललं आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे, सुनेजवळ ठेवलं. मग चपला घालून जिना उतरली. पाच मिनिटांनी तिच्यासोबत मॅडम वर आल्या.

मी कोट काढून हातात धरला. तो कुठे ठेवायचा ते मला कळेना. मॅडम त्या सासूला म्हणाल्या, "सॉरी हां ताई. आज स्टाफ शॉर्ट आहे." मग पॅसेजकडे वळून आईला हाक मारली. "मावशी, हा ब्लीचच्या पाण्यात भिजवा. मग इस्त्रीला द्या. सिस्टर लोकांना लागतो."

आईने पोछा बादलीत ठेवला. हात पदराला पुसले. माझ्या हातातून कोट घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आम्ही त्यावर बोललो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "ब्लीचमध्ये नाही घातला मी तो. झटकला, घडी घातली आन कपाटात ठेवून दिला. स्नेहल सिस्टरनं तोच घातलाय आज. दिवसभर तोच घालून फिरली. काय झालं तिला? काय नाय झालं."

आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

आमचं नर्सिंग होम उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये आहे. मालकी मॅडमची. खाली ओपीडी, वर वॉर्ड, त्याच्या वर ऑपरेशनची खोली. बाजूला जीन्स शिवायचे कारखाने. आई आधी तिथेच जीन्सचे धागे कापायची. मग नर्सिंग होममध्ये लागली. झाडू, पोछा, बेडपॅन, बाळंतिणींचे कपडे. ती मावशी झाली. तेव्हा मी पहिलीत होते. मी बारावी झाल्यावर तिने मॅडमना सांगून मलाही तिथेच लावलं. तिला वाटलं होतं, बारावी सायन्स आहे, मला कोट मिळेल.

तिथे पाच सिस्टर होत्या. त्यांतली एकही नर्सिंग शिकलेली नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पेशंट सोडून. शिकलेल्या नर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून ओपीडीच्या भिंतीवर लावलं होतं. त्यावरची बाई मी कधी बघितली नाही. कोट घातलेल्या मुली बारावी झालेल्या, एक तर दहावी. कोणाला कोट द्यायचा आणि कोणाला गाउन, हे मॅडम ठरवायच्या. मार्कशीट बघून नाही. मी मार्कशीट पुढे केली होती. त्यांनी ती वाचली, आडनावापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे वा, मावशीची मुलगी हुशार आहे." मग गाउन दिला.

स्नेहलला कोट मिळाला. ती बदलापूरच्या बाजूच्या गावातली. जमीन होती, काही बिल्डरला गेली, काही आहे. आम्ही ज्युनिअर कॉलेजला एका वर्गात होतो. बायोलॉजीची तिची जर्नल माझ्या जर्नलवरून उतरलेली. आजूबाजूला कोणी नसलं की ती मला नावाने हाक मारायची. पेशंट समोर असले की म्हणायची, "मावशी, बेडपॅन." मी तिच्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे.

माझं अक्षर चांगलं आहे. म्हणून एक काम गाउनमध्ये असूनही माझ्याकडे आलं. प्रत्येक पेशंटच्या खाटेला एक कागद असतो. त्यावर ताप, नाडी, श्वास, बीपी, दर चार तासांनी मोजून लिहायचं असतं. आमच्याकडे ते मोजत नसत. बीपीची दोन मशीन होती, एक बिघडलेलं, दुसरं ऑपरेशनच्या खोलीत. बारा वाजता मॅडमचा राउंड. त्याच्या आधी अकराला कागद भरून ठेवायचे. स्नेहल कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर टाकायची. "भरून टाक ना यार. तुझं अक्षर मस्त आहे."

"काय लिहू?"

"लिही ना नेहमीचं."

नेहमीचं म्हणजे ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. नाडी अठ्ठ्याहत्तर. बीपी एकशेवीस ऐंशी. सगळ्यांना एकच लिहायचं नाही, मॅडमना चालत नाही. म्हणून एखादीला एकशेदहा सत्तर. एखादीला नाडी ब्याऐंशी. मॅडमना हे माहीत होतं. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "थोडं बदलून बदलून लिहीत जा. फाइल खरी दिसली पाहिजे."

मला लाज वाटली नाही. हे इथे लिहायलाच हवं. मला आनंद वाटायचा. कागद, पेन आणि टेबल. लिहिताना मला वाटायचं की मी मावशी नाही. वर्षभर मी असे आकडे लिहिले. ज्यांना मी हात लावायचा नव्हता त्या बायकांची नाडी मी कागदावर चालवत होते.

जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी, आई पॅसेज पुसता पुसता थांबली. पोछ्याच्या दांडीला धरून उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "पाठीत कळ मारतीय. आन इथं जबड्यात दुखतंय, दाढ दुखल्यासारखं." तिला घाम आला होता. थंडीचे दिवस होते.

स्नेहल आली. "मावशी, रिकाम्या पोटी चहा पिता ना तुम्ही. ॲसिडिटी आहे." तिने गुलाबी औषध झाकणात ओतून दिलं. तिने मनापासून दिलं. तिला तेवढंच माहीत होतं.

वॉर्डात तीन खाटा रिकाम्या होत्या. स्टाफने खाटेवर आडवं व्हायचं नाही, हा नियम. सिस्टरसुद्धा नाही, पण सिस्टरना डॉक्टरांच्या खोलीतला सोफा होता. आईला मी चादरी ठेवायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ओपीडी भरली होती. ते म्हणाले, "कागद कर. बीपी, पल्स लिहून ठेव. हे संपवून येतो."

मी कागद केला. वर आईचं नाव लिहिलं. वय लिहिलं. अकरा वाजून गेले होते. बाकीच्या नऊ खाटांचे कागद भरायचे होते, मॅडम बाराला येणार होत्या. मशीन वर, दार बंद, सिझर चालू. मी विचार केला, मशीन खाली आलं की मोजते, तोवर जागा रिकामी नको. आणि हात चालला. वर्षभर चालत होता तसाच. नाडी अठ्ठ्याहत्तर. बीपी एकशेवीस ऐंशी.

मग मी नऊ कागद भरले. मशीन खाली आलं नाही. मी विसरले.

डॉक्टर एक वाजता आले. उभ्याउभ्या कागद बघितला. "नॉर्मल आहे. घरी जाऊन आराम करा मावशी." आई म्हणाली, "बरं." त्याच कागदावर सही करायला सांगितली, तिने सही केली.

मी तिला एकटीला जाऊ देणार नव्हते. स्नेहल म्हणाली, जा तू, मी सांभाळते. शेअर रिक्षात आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. अंबरनाथच्या अलीकडे तिचं डोकं जड झालं. मी हाक मारली. रिक्षावाल्याने मागे बघितलं, बाकीचे दोन पॅसेंजर उतरवले आणि काही न विचारता रिक्षा सरकारी दवाखान्यात नेली.

तिथे एक सिस्टर होत्या. मध्यम वयाच्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी आईला टेबलावर घेतलं, डॉक्टरांना हाक मारली, छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. डॉक्टर धावत आले. बरंच काही केलं. मग थांबले. डॉक्टर लिहायला गेल्यावरही त्या सिस्टर आईच्या मानेवर दोन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. पूर्ण एक मिनिट. मी बघत होते. त्यांना उत्तर माहीत होतं. तरी त्यांनी मोजलं.

मग त्यांनी मला विचारलं, "सकाळी कुठे दाखवलं होतं?"

मी सांगितलं.

"बीपी किती होतं?"

मी गप्प.

"तू तिथे काम करतेस ना? घेतलं होतं की नाही बीपी?"

 त्यांनी माझ्या मरून गाउनकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. त्यांनी मला गाउनवरून माफ केलं. तो अपमान मला मॅडमच्या अपमानापेक्षा जास्त लागला. कारण तो खरा होता. मला काही येत नव्हतं.

आईच्या जलदान विधीनंतर मी कामावर गेले. लोक म्हणतील, परत कशी गेली. घरात पप्पांचं कंपनीतलं कंत्राटी काम महिन्यातले पंधरा दिवस असतं, आणि मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून गेले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी आई म्हणजे आमच्या घरचीच होती." आणि मला आईच्या जागेवर घेतलं. पोछा तोच, बादली तीच.

कागद भरणं मी बंद केलं. स्नेहलने गठ्ठा टाकला की तो तिच्याकडे परत सरकवायचे. सुरुवातीला ती तो उचलून घेऊन जायची. मग एक दिवस चादरींच्या खोलीत मला अडवून म्हणाली, "मी पण तेच लिहिलं असतं."

"माहीत आहे."

"मग माझ्याकडे असं नको ना बघू. मी काय मुद्दाम केलं का?"

"तू नाही लिहिलंस. मी लिहिलं."

ती रडायला लागली. मी चादरी मोजत राहिले.

कॅम्प चारच्या रद्दीच्या दुकानात मला नर्सिंगचं एक जुनं पाठ्यपुस्तक मिळालं. इंग्रजी. पहिली काही पानं फाटलेली. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते वाचायला लागले. एका दिवसाला दोन पानं. हृदयविकाराच्या धड्यात लिहिलं होतं की बायकांना पुष्कळदा छातीत दुखत नाही. पाठ दुखते, जबडा दुखतो, घाम येतो, मळमळतं. लोक त्याला अपचन समजतात. एवढं एका परिच्छेदात होतं. सात ओळी. ज्या मुलीला बायोलॉजीत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते तिच्यापर्यंत त्या सात ओळी पोचल्या नव्हत्या. तिला दोन वर्षं बेडपॅन पोचत होतं.

मार्चमध्ये स्टेशनजवळच्या भिंतीवर एक कागद दिसला. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी उन्हाळी वर्ग. बदलापूर पूर्वेला, एका शाळेच्या सुट्टीतल्या खोलीत. एप्रिल आणि मे. सकाळी आठ ते एक. शिकवणारी एक निवृत्त मेट्रन.

माझी ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ. मी मॅडमकडे गेले. म्हणाले, दोन महिने मला दुपारी दोनपासून घ्या, पगार कापा.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कसला वर्ग?"

मी सांगितलं.

"बस."

त्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले.

"हे बघ, स्नेहलचं लग्न आहे मेमध्ये. ती जाते आहे. बाकीच्यांतल्या दोघी गावी जातील. मला उन्हाळ्यात माणूस हवं. मी तुझाच विचार करत होते. एप्रिलपासून तू कोट घाल. सिस्टर म्हणून. पगार स्नेहलचा."

मी खुर्चीच्या कडेला सरकले.

"चार वर्षं शिकून त्या मुली काय करतात? हेच करतात. तू दोन वर्षांत शिकलीसच की सगळं. अनुभव महत्त्वाचा." मग जरा पुढे वाकून म्हणाल्या, "आणि बॅजवर नुसतं नाव लिहू. आडनाव नको. आपल्याला काही नाही गं त्याचं, पण पेशंट कसले कसले येतात. तुलाच त्रास नको."

इतक्या प्रेमाने म्हणाल्या. ज्या बाईने नऊ खाटांसमोर माझा कोट उतरवला होता तीच.

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

खरंच विचार केला. लगेच नाही म्हटलं असं मी इथे लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. पण मला तो कोट हवा होता. चार दिवस मी रस्त्याने जाताना दुकानांच्या काचेत स्वतःला कोटात बघत होते. दुपारची ड्युटी मॅडम देणार नव्हत्या, म्हणजे वर्गाला गेले तर दोन महिने घरात पगार नाही, परीक्षेची खात्री नाही, प्रवेशाची खात्री नाही, मिळाला तर पुढे तीन-चार वर्षं शिकायचं. कोट एक तारखेला मिळत होता.

पप्पांना सांगितलं. ते चहा पीत होते.

"मग घे की पोरी. सिस्टर म्हणतील लोकं. तुझ्या आईला लई बघायचं व्हतं तुला त्या कोटात."

"असं नव्हतं बघायचं, पप्पा."

"कसं का असंना. कोट कोट असतो."

"आईला ॲसिडिटी सांगितली ती पण कोटातच होती."

त्यांनी कप खाली ठेवला. मी त्यांना त्या कागदाबद्दल तोवर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. सगळं. आकडे कोणी लिहिले तेही.  ते उठून बाहेर गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "कुठंय तो वर्ग?"

रविवारी मी बदलापूरला गेले. मेट्रनबाई शाळेच्या खोलीत बाक पुसत होत्या. पांढरे केस, आखूड कापलेले. मी म्हटलं, मी पुसते. त्या म्हणाल्या, "तू पुसायला आलीस की शिकायला?"

मी फडकं ठेवलं.

"काय करतेस सध्या?"

मी सांगितलं.

"पल्स कुठे बघतात?"

मी मनगट दाखवलं.

"किती वेळ मोजायची?"

"पंधरा सेकंद. मग चारने गुणायचं."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. बघून."

"किती जणींची मोजलीस आजवर?"

मी खरं सांगितलं. "एकीचीही नाही. लिहिल्या मात्र पुष्कळ."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग मी बाकीचंही सांगितलं, कारण आता थांबता आलं नसतं. त्यांनी मध्ये एकदाही च्च केलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तू लिहिलेल्या बाकीच्या बायकांचं काय झालं, माहीत आहे का तुला?"

"नाही."

"मग फक्त आईसाठी रडू नकोस." त्यांनी हजेरीची वही उघडली. "एक तारखेपासून आठ वाजता. मी दांडी चालवून घेत नाही. नाव लिही. पूर्ण."

मी पूर्ण लिहिलं.

सोमवारी मॅडमना सांगितलं की मला कोट नको, मी वर्गाला जाणार. त्या हसल्या.

"जय्यत तयारी आहे म्हणजे. आणि नापास झालीस तर?"

"परत देईन."

"तुमच्या लोकांना सीट मिळतेच म्हणा. मार्कांचं काय एवढं."

बारावीत मला स्नेहलपेक्षा एकवीस टक्के जास्त होते. मी ते बोलले नाही. त्यांना ते माहीत होतं, मार्कशीट त्यांच्या फाइलमध्ये होती.

मी दाराकडे वळले तेव्हा त्या म्हणाल्या, "एक मिनिट." ड्रॉवर उघडला. एक कागद काढून टेबलावर ठेवला, माझ्याकडे तोंड करून. आईचं नाव. वय. माझं गोल, सरळ, मस्त अक्षर.

"हा मी आजवर कोणाला दाखवला नाही. आपलं माणूस म्हणून. आता उद्या तू नर्सिंगला गेलीस आणि हा कुठे बाहेर आला, तर तुला कोण घेईल? खोट्या नोंदी करणारी मुलगी. तीही सख्ख्या आईच्या." त्यांनी कागद परत घेतला. "शांत डोक्याने विचार कर. कोट तयार आहे."

मी घरी आले. भीती वाटली नाही असं नाही.  पण ती भीती ओळखीची होती. तिसरं बटण अडकलं तेव्हाची होती. त्या दिवशी मी बटण काढलं, कारण सगळे बघत होते आणि मला वाटत होतं की चूक माझीच आहे, मी कोट घालायला नको होता. आता चूक खरंच माझी होती. आणि ती माझी होती म्हणून ती मॅडमच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची नव्हती. ज्या बाईने मला आकडे बदलून बदलून लिहायला सांगितलं, तिच्या हातात मी माझी चूक का देऊ? ती चूक कुलपात ठेवून ही बाई मला आयुष्यभर पोछा मारायला लावेल, अंगावर कोट असला तरी. माझ्या आईचा जीव गेला आणि तिला त्यातून उन्हाळ्यापुरता एक माणूस मिळणार होता.

मी फुलस्केप घेतला आणि लिहिलं. तारीख, वेळ, काय झालं. आकडे मी लिहिले, ते खोटे आहेत, कोणी मोजलं नव्हतं. वर्षभर असेच आकडे मी कसे लिहीत होते, कोणाच्या सांगण्यावरून. खाटा रिकाम्या होत्या आणि आई बाकावर होती. भिंतीवरच्या सर्टिफिकेटवरची नर्स मी कधी बघितली नाही. चार पानं झाली. तीन प्रती काढल्या. खाली सही केली.

पप्पा बरोबर आले. महापालिकेच्या आरोग्य विभागात आवकच्या खिडकीवर एक क्लार्क होता. त्याने पहिलं पान वाचलं, मग चष्म्यावरून बघितलं.

"ताई, ही तक्रार तुमच्यावरच आहे की."

"माझ्यावर पण आहे."

"असं कोण देतं लिहून?"

पप्पा मागून म्हणाले, "शिक्का मारा साहेब. ती वाचून घेतील ज्यांना वाचायचं ते."

त्याने शिक्का मारला. एक प्रत मला परत दिली. दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या टेबलावर त्याची झेरॉक्स ठेवली आणि घडी केलेला गाउन ठेवला. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"तुला कळतंय का तू काय केलंस? तूच अडकशील. मी नाही अडकणार."

"अडकू दे."

"ज्या ताटात खाल्लंस..."

"तुमच्या ताटात आम्ही कधी खाल्लं नाही मॅडम. आमचे कप पण वेगळे आहेत, जिन्याखाली."

स्नेहल दारात उभी होती, अंगावर कोट. ती माझ्यासाठी बाजूला झाली. जाताना हळूच म्हणाली, "मला पण बोलावतील का?"

"बोलावलं तर खरं सांग."

 ती सांगेल असं मला वाटत नाही.

आज वर्गाचा अकरावा दिवस. खोलीत पंखा एकच आहे, पत्रा तापतो, आम्ही एकवीस मुली आहोत. मेट्रनबाई रोज पहिला अर्धा तास आम्हाला एकमेकींची नाडी मोजायला लावतात. परीक्षेत हे येत नाही, एक मुलगी म्हणाली. बाई म्हणाल्या, माझ्या वर्गात येतं. पंधरा सेकंद नाहीत. घड्याळ लावून पूर्ण साठ. माझ्या शेजारची मुलगी वांगणीची आहे. तिची नाडी सहासष्ट आहे. माझी शंभराच्या वर जाते. तिने विचारलं, तू घाबरतेस का? मी म्हटलं, मोज तू. लिही जे आहे ते.

घरात पगार बंद आहे. पप्पांना काम मिळालं तर मिळतं. चौकशी होईल की नाही हे मला माहीत नाही. कागद दाबला जाईल असं वस्तीतले सगळे म्हणतात. दाबला तर मी परत देईन, आणि परत. बोलावलं तर जाईन. अक्षर माझं आहे हे मीच सांगेन, त्यांना शोधावं लागणार नाही. ते लिहायला कोणी बसवलं तेही सांगेन. शिक्षा झाली तर भोगेन. त्या दिवसाचा वर्ग बुडेल. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी बाकावर असेन.

या वर्षी प्रवेश नाही मिळाला तर पुढच्या उन्हाळ्यात परत याच वर्गात बसेन. मॅडमकडे जाणार नाही. त्या कधी माझ्याकडे आल्या, माफी मागायला, तर त्यांना माफी मिळणार नाही. आजारी होऊन आल्या तर मी त्यांची नाडी मोजेन, आणि जी असेल ती लिहीन.